माळरानाचे पाणी आणि खोऱ्याचे राजकारण

(कुंभकोणम येथे शेतकरी व शेतमजूर कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. मराठी वाचकांना उपयोगी पडावेत म्हणून महाराष्ट्रातील संदर्भ ठिकठिकाणी जोडले आहेत.)



कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणममध्ये पाण्याविषयी कोणाला नव्याने काही सांगावे अशी परिस्थिती नाही. कल्लणै हा चोळकालीन बंधारा येथून फार दूर नाही आणि त्याच्या पाण्यावर येथल्या पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवीत आल्या आहेत. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले. पुढे १२ जून ही त्याचे दरवाजे उघडण्याची तारीख म्हणून रूढ झाली, आणि त्या दिवशी पाणी सुटते की नाही यावर कुरुवै हंगामाचे भवितव्य ठरू लागले. या पाण्यावर पिकणाऱ्या भातातील वाटा कोणाला किती मिळावा, या प्रश्नावर या भूमीने सांडलेले रक्तही येथे कोणी विसरलेले नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे झोपडीत कोंडून जाळण्यात आलेली ४४ माणसे, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, ती मजुरीत मूठभर भाताची वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील होती.

मग अशा ओलिताच्या मुलखात कोरडे माळरान, त्यावरचे गवत आणि त्या गवतावरचे शास्त्रीय संशोधन हा विषय कशासाठी? उत्तर एका साध्या वजाबाकीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कावेरीच्या तंट्याचा निकाल दिला. खोऱ्यात सरासरीने ७४० अब्ज घनफूट पाणी उपलब्ध होते असे धरून तमिळनाडूच्या वाट्याला ४०४.२५ अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. त्यापैकी कर्नाटकाने बिळिगुंडलू येथील मोजणी ठाण्यावर सोडावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट आहे. उरलेले २२७ अब्ज घनफूट, म्हणजे निम्म्याहून अधिक, बिळिगुंडलूच्या खालच्या खोऱ्यातून येते. भवानी, नोय्यल आणि अमरावती या उपनद्या ते आणतात आणि काही भाग या प्रदेशात पडणाऱ्या पावसाचा असतो. दोन्ही राज्यांतील भांडवलदारी-जमीनदारी पक्षांनी गेल्या अर्धशतकात १७७.२५ या आकड्याच्या बाजूला बसेल अशा प्रत्येक टीएमसीवरून दंगली घडविल्या, बसगाड्या जाळू दिल्या, कन्नड व तमिळ श्रमजीवींना परस्परांविरुद्ध उभे केले. उरलेल्या २२७विषयी मात्र या पक्षांच्या व्यासपीठांवरून क्वचितच कोणी बोलते. ते पाणी ज्या उतारांवर पडते तेथे गवत आहे की निलगिरी, मेंढ्या आहेत की कारखाने, हा प्रश्न त्यांच्या लेखी राजकारणाचा नव्हेच.

'पडीक' हा शब्द कोणाचा?

पश्चिम घाटाच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा लांबलचक पट्टा आहे. महाराष्ट्रात तोच पट्टा माण, खटाव, आटपाडी, सांगोला, सोलापूर या भागांतून जातो आणि तमिळनाडूत कोंगुनाडू म्हणजे कोईमतूर, तिरुप्पूर, धारापुरम, करूर येथे येऊन पोहोचतो. पाऊस कमी असतो आणि तोही बेभरवशाचा असतो. जमीन उथळ, मुरमाड. अशा ठिकाणी निसर्गतः दाट अरण्य उभे राहत नाही. गवत, काटेरी झुडपे आणि अंतराअंतराने उभे असलेले हिवर-बाभळीसारखे वृक्ष, हीच तेथील परिपूर्ण सृष्टी होय.

इंग्रजी महसूलशास्त्राला ही गोष्ट समजण्याची गरज नव्हती. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती निरुपयोगी, एवढाच त्याचा हिशेब होता. त्यातून तमिळ मुलखात 'पुरंबोक्कु' आणि मराठी मुलखात 'पडीक' व 'पोटखराबा' असे वर्ग दप्तरात पक्के झाले. साम्राज्य गेले, दप्तर राहिले. एम. डी. मधुसूदन व अबी तमीम वनक या संशोधकांनी अलीकडे उपग्रहाच्या चित्रांवरून देशातील निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा या प्रकारात मोडतो असे दिसून आले. त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास क्षेत्र सरकारी नोंदीत पडीक म्हणून दाखविलेले आहे आणि संरक्षित क्षेत्रात त्याचा पाच टक्केही भाग नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पूर्वी सर्वत्र अरण्य होते, माणसाने आणि त्याच्या शेळ्यामेंढ्यांनी ते खाऊन टाकले आणि उरले ते माळरान, असा तो आक्षेप आहे. या समजुतीला मराठी साहित्यानेच उत्तर दिले आहे, हे मराठी वाचकांना विशेष वाटेल. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतून आणि लोकसाहित्यातून रानटी वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी २७, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या जवळपास, माळरानाच्या होत्या. पश्चिम महाराष्ट्राचे माळरान निदान साडेसातशे वर्षांचे आहे हे त्यातून स्पष्ट होते. संतांच्या ओव्यांचा उपयोग वनस्पतिशास्त्रात होऊ शकतो, हे आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनीही ध्यानात घ्यावयास हरकत नाही.

निलगिरीच्या उतारावरील प्रयोग

गवत आणि पाणी यांचा संबंध केवळ तर्काने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. कावेरीच्याच खोऱ्यात त्याचे मोजमाप झालेले आहे. मृद् व जलसंधारण संशोधनाच्या केंद्रीय यंत्रणेचे एक केंद्र १९५४ सालापासून उदगमंडलम येथे आहे. या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गन येथे शेजारशेजारची दोन छोटी पाणलोटक्षेत्रे निवडली. प्रत्येकाचे क्षेत्र सुमारे ३२ हेक्टर होते. दोन्हींवर गवत होते आणि घळीत शोला नावाची झाडी होती. १९६८ ते १९७२ अशी चार वर्षे दोन्हींतून वाहून येणारे पाणी निव्वळ मोजण्यात आले. नंतर एक क्षेत्र जसेच्या तसे ठेवून दुसऱ्याच्या ५९ टक्के भागावर निळ्या निलगिरीची म्हणजे ब्ल्यूगमची लागवड करण्यात आली आणि मोजणी पुढे चालूच राहिली.

पहिल्या दहा वर्षांच्या फेऱ्यात लागवडीच्या क्षेत्रातून वाहून येणारे वार्षिक पाणी सरासरी १६ टक्क्यांनी कमी झाले. झाडे तोडून फुटव्यांपासून दुसरा फेरा घेतला तेव्हा ही घट २५ टक्क्यांच्या वर गेली. त्यातही पावसाळ्यानंतर झऱ्यांच्या रूपाने पाझरत राहणारा प्रवाह दुसऱ्या फेऱ्यात सुमारे २७ टक्क्यांनी आटला. कुंभकोणमच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुराचे पाणी कोल्लिडमवाटे समुद्राला जाऊन मिळते. शेतीला तारते ते संथपणे पाझरणारे पाणी.

असे का घडते? गवताची मुळे दाट असतात, पण बहुधा वरच्या थरातच पसरलेली असतात. ती पावसाच्या थेंबाचा मार झेलतात, माती धरून ठेवतात आणि पाणी जमिनीत उतरू देतात. कोरडे दिवस आले की गवत सुकते आणि पाणी पिणे जवळजवळ थांबविते. उलट ब्ल्यूगम वर्षभर हिरवा राहतो, मुळे खोल सोडतो आणि उन्हाळ्यातही जमिनीतले पाणी ओढून हवेत सोडीत असतो. ग्लेनमॉर्गनचे पाणी मोयारमध्ये, मोयार भवानीत आणि भवानी कावेरीत जाते. त्या दोन छोट्या क्षेत्रांत मोजलेला थेंब मेट्टूरच्या खालून या नदीला मिळतो, म्हणजे तो कर्नाटकाच्या हिशेबातला नव्हे, वर सांगितलेल्या २२७मधला आहे.

या वृक्षलागवडीमागे कोण होते? निलगिरीतील युकॅलिप्टस आणि वॅटलचे लाकूड भवानीच्या काठावरील सिरुमुगै येथल्या रेयॉन कारखान्याच्या लगद्यासाठी जात असे. वरच्या अंगाला गवताळ उतार गेले आणि खालच्या अंगाला याच कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध भवानीकाठच्या शेतकऱ्यांना दीर्घकाळ लढावे लागले. एकाच धाग्याने नदी दोनदा नाडली गेली.

येथे एंगल्सची आठवण होणे स्वाभाविक आहे. माकडाचा माणूस होण्यात श्रमाने बजावलेल्या भूमिकेवरील १८७६च्या सुप्रसिद्ध लेखात त्यांनी आल्प्समधील इटालियनांचे उदाहरण दिले आहे. दक्षिण उतारावरील वृक्ष तोडताना आपण आपल्याच दुग्धव्यवसायाचे मूळ तोडीत आहोत आणि झऱ्यांचे पाणी घालवीत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. हे वाचून 'झाड म्हणजे पाणी' असा सरसकट ठोकताळा काढणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. तो द्वंद्ववाद नव्हे, ती घोकंपट्टी होय. आल्प्सच्या उतारावर सूचिपर्णी वृक्ष तोडणे आणि निलगिरीच्या गवतावर परदेशी वृक्ष लावणे या वरवर उलट दिसणाऱ्या दोन क्रिया प्रत्यक्षात एकच आहेत. तेथील सृष्टीचा स्वतःचा व्यवहार न समजून घेता तात्काळ लाभासाठी तो मोडून टाकणे, हे दोन्ही ठिकाणी घडले. महाराष्ट्रात कोट्यवधी वृक्षलागवडीच्या मोहिमांत कुसळी आणि मारवेलच्या चांगल्या माळांवर खड्डे खणून फलक लावण्यात आले, तेही याच जातीचे कृत्य होते.

समाजवादी देशांचा अनुभवही येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. सोव्हिएत संघाने १९५४ साली कझाकस्तान व सायबेरियातील गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आणला. पहिली काही वर्षे धान्याच्या राशी पडल्या, परंतु साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात धुळीची वादळे उठली आणि वरची माती उडून गेली. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १९३०च्या दशकात नफ्याच्या हव्यासाने जे झाले, ते येथे उद्दिष्टपूर्तीच्या घाईने झाले. गवताळ प्रदेशाच्या मातीचे पायाभूत शास्त्र दोकुचायेव्ह यांनी रशियातच उभे केले होते, हे विशेष. पुढे शोर्तांदीच्या संशोधन संस्थेत बारायेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी धाटे न उखडता मशागत करण्याची पद्धत रुजवून बरेचसे सावरले. निसर्गाचे नियम उत्पादनसंबंध बदलल्याने रद्द होत नाहीत. उत्पादनसंबंध बदलल्याने ते नियम सर्वांच्या हितासाठी पाळण्याची शक्यता तेवढी निर्माण होते.

कोरंगाडु

निलगिरी उतरून खाली आले की कांगेयम, धारापुरम, मूलनूर या भागांत 'कोरंगाडु' नावाची चराईची पद्धत दिसते. वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तांबड्या मुरमाड जमिनीचे तुकडे मुळ्ळु किळुवै या काटेरी झुडपाच्या जिवंत कुंपणाने वेढलेले असतात. आत कोळुक्कट्टै पुल नावाचे गवत असते; महाराष्ट्रातील अंजन गवत ते हेच. अधूनमधून हिवराची झाडे असतात. हिवर विरळ सावली देतो, गवत मारीत नाही आणि उन्हाळ्यात गवत सरले की त्याच्या शेंगांवर जनावरे तग धरतात. जनावरे एका तुकड्यातून दुसऱ्यात फिरविली जातात, त्यामुळे चरून झालेल्या तुकड्यातील गवताला पुन्हा फुटण्यास उसंत मिळते. कांगेयम गुरे आणि मेचेरी मेंढ्या या भूमीवर वाढल्या. चराई, वृक्ष आणि जलसंधारण यांची सांगड घालण्याची जी योजना संशोधन संस्था प्रक्षेत्रांवर आखतात, ती येथे शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून सिद्ध केलेली आहे.

परंतु कोरंगाडुचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. ही जमीन बहुतांशी खाजगी मालकीची आहे. कुंपणाच्या आत भूधारक जातींचे मालक आहेत. त्यांची गुरे राखणारे, गोठे झाडणारे दलित मजूर त्या गवतावर हक्क सांगू शकत नाहीत. कांगेयम जातीच्या सुधारणेचे श्रेय पुस्तकांतून पाळयकोट्टैच्या जमीनदार घराण्याला दिले जाते. ज्यांनी प्रत्यक्ष जनावरे राखली त्यांची नावे कोठेही नाहीत. २०१७ साली जल्लिकट्टूच्या आंदोलनात कांगेयमचा बैल तमिळ अस्मितेचे निशाण झाला आणि मरीना किनाऱ्यावर लाखो तरुण जमले. तो बैल ज्या गवतावर वाढतो त्या गवताचे काय, हा प्रश्न त्या गर्दीत फारसा कोणी विचारला नाही. ट्रॅक्टर आला, बैलाची मागणी घटली, जमिनीचे भाव चढले आणि कोरंगाडुचे तुकडे भूखंडांत बदलू लागले.

मेंढपाळाला आरोपी करणारे शास्त्र

शास्त्रही वर्गातीत नसते. १९६८ साली अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाविषयी एक निबंध लिहिला. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक मेंढपाळ आपली एकेक मेंढी वाढवीत जाणार आणि अखेर कुरणाचा नाश होणार, असा त्याचा आशय होता. जगभरच्या सरकारांना आणि कर्जपुरवठा करणाऱ्या संस्थांना हा युक्तिवाद अत्यंत सोयीचा वाटला, कारण त्यातून खाजगी मालकी किंवा सरकारी कुंपण हे दोनच मार्ग उरत होते. प्रत्यक्षातील सामायिक कुरणे मोकाट नव्हती. त्यांना गावाचे नियम होते, पाळ्या होत्या, दंड होते, याचा त्या निबंधात पत्ता नव्हता.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९८८ साली, एलिस आणि स्विफ्ट या शास्त्रज्ञांनी केनियातील तुर्काना पशुपालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे पाऊस वर्षावर्षाला मोठ्या प्रमाणात बदलतो तेथे गवताचे प्रमाण जनावरांच्या संख्येपेक्षा मुख्यत्वे पावसावरून ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. अशा प्रदेशात 'एकरी इतकी जनावरे' हा ठराविक आकडा निरर्थक ठरतो. तेथे शहाणपण असते ते हलते राहण्यात. पाऊस जिकडे, कळप तिकडे.

हे शहाणपण आपल्याकडे शिकविण्याची गरज नाही. माणदेशातील धनगर पावसाळा संपला की मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि मृगाच्या सुमारास परततात. वाटेत शेतकरी त्यांची मेंढरे शेतात बसवून घेतात. कुंभकोणमच्या परिसरातही सांबा भाताची कापणी झाली की रामनाथपुरम-शिवगंगेच्या कोरड्या मुलखातून कळप येतात, रात्रीच्या वेळी मोकळ्या शेतात बसविले जातात आणि जमिनीला खत मिळते. त्यालाच येथे 'किडै' म्हणतात. म्हणजे कोरडे रान आणि ओलिताचे रान ही दोन वेगळी जगे नाहीत. ओलिताच्या शेतीने हे खत शतकानुशतके घेतले आहे. मात्र आणणाऱ्याला गावाबाहेरच ठेवले.

याचा अर्थ अतिचराई नसतेच असा नव्हे. कळपाच्या वाटा रस्त्यांनी, उसाने आणि कुंपणांनी अडविल्या की मेंढरे उरलेल्या तुकड्यावर कोंडली जातात आणि तो तुकडा उघडा पडतो. माती उघडी पडली की पहिल्याच जोरदार सरीत वरचा थर घट्ट होतो, पाणी मुरण्याऐवजी धावू लागते आणि घळी पडतात. तलाव गाळाने भरतात. मग त्यात वेडी बाभूळ शिरते. दोष मेंढराच्या तोंडाला दिला जातो. त्याची वाट कोणी अडविली, ही चौकशी होत नाही.

पाणलोट विकास: मुरलेले पाणी कोणाचे?

निमशुष्क शेतीचे संशोधन आपल्या देशात जुने आहे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, विजापूर, रायचूर व हगरी येथेही झाले. हैदराबादजवळ पटणचेरू येथे १९७२ साली आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे १९७६ पासून काळ्या जमिनीच्या छोट्या पाणलोटांवर चाललेला प्रयोग प्रसिद्ध आहे. रुंद वाफे व सऱ्या, पावसापूर्वीची पेरणी, सुधारित वाण, खते आणि मिश्र पिके यांच्या साहाय्याने हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य निघाले, तर शेजारच्या पारंपरिक पद्धतीच्या क्षेत्रात सुमारे एक टनच. मातीची धूपही कितीतरी घटली.

मग हे तंत्र मराठवाड्याच्या प्रत्येक शिवारात का पोहोचले नाही? कारण पाणलोट हा एका मालकाचा नसतो. पाणी काढून देणारी चर दहा जणांच्या बांधांतून जाते. वाफे पाडणारे सुधारित अवजार ओढण्यास चांगली बैलजोडी लागते आणि ती अल्पभूधारकाकडे नसते. संशोधन प्रक्षेत्रावर मालक एकच असतो, तेथे वर्गविग्रह नसतो. खरा प्रयोग गावात सुरू होतो.

गावात काय घडते ते महाराष्ट्राने चांगलेच पाहिले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर लक्षावधी मजुरांनी, विशेषतः स्त्रियांनी, बांधबंदिस्ती केली, पाझरतलाव खोदले. पाझरलेले पाणी उतरले ते खालच्या अंगाच्या विहिरींत, आणि त्या विहिरी ज्यांच्या होत्या त्यांचा ऊस उभा राहिला. पुढील पाणलोट कार्यक्रमांत वरच्या माळावर चराईबंदी आली. शेळी ही भूमिहीनाची गाय. बंदीचा पहिला घाव तिच्यावर पडला. वरच्याने त्याग करावयाचा आणि खालच्याने लाभ घ्यावयाचा, असे या विकासाचे गणित झाले.

याला अपवादही आहेत आणि ते बोलके आहेत. चंदीगडजवळच्या सुखोमाजरी गावात १९७०च्या दशकात, सुखना तलावात येणारा गाळ थांबविण्यासाठी, डोंगरावरची मोकाट चराई बंद करावयाची होती. पी. आर. मिश्र यांच्या मार्गदर्शनाखाली लहान बंधाऱ्यांचे पाणी गावातील प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो वा नसो, सारख्या वाट्याने देण्यात आले. वाटा मिळाला तेव्हा चराईचा नियम लोकांनी स्वतःच पाळला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीच्या मार्गाने हेच तत्त्व मांडले. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, भूमिहीनांनाही द्यावयाचे आणि उसाला द्यावयाचे नाही. हे दोघेही आपल्या चळवळीतील नव्हते. तरीही पाण्याची मालकी जमिनीच्या मालकीपासून वेगळी करण्याचा जो मुद्दा त्यांनी प्रत्यक्षात आणला तो जमीनसुधारणेच्या प्रश्नाइतकाच मूलगामी आहे आणि आपल्या किसान आघाडीने त्याचा पुरेसा अभ्यास केलेला नाही. उलट २०१४-१५ पासूनच्या जलयुक्त शिवार योजनेत यंत्रांनी नाले खोल करण्यावर भर राहिला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढविण्यात तिचा परिणाम अल्प राहिला, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० साली मांडलेल्या अहवालात नमूद आहे.

नोय्यलचा धडा

खोऱ्यातील वर्गसंबंध सर्वांत उघडे पडले ते नोय्यलवर. ही नदी कोईमतूरच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते, तिरुप्पूरमधून जाते आणि करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. कोरंगाडुच्या पट्ट्यात ओरत्तुपाळयम येथे १९९२ साली तिच्यावर धरण बांधण्यात आले. वीस हजार एकरांना पाणी मिळावे ही अपेक्षा होती. धरणात साठले ते तिरुप्पूरच्या रंगाई व धुलाई कारखान्यांचे खारट, रंगीत सांडपाणी. दरवाजे उघडू नका, अशी मागणी खालच्या शेतकऱ्यांना करावी लागली. धरणाच्या इतिहासात अशी मागणी विरळाच! विहिरी खारावल्या, गवत करपले, जनावरांना पाणी पाजणे अशक्य झाले.

शेतकरी न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली एकही थेंब सांडपाणी बाहेर सोडू नये असा आदेश दिला. तो पाळला गेला नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये सातशेच्या वर रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश झाला. काम गेले ते मजुरांचे, त्यांतील पुष्कळजण कोरड्या जिल्ह्यांतून पोट भरण्यास आलेले होते. मालकांच्या संघटनांनी लगेच मजुरांना पुढे करून शेतकऱ्यांकडे बोट दाखविले. यथावकाश सरकारने शुद्धीकरण केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले आणि रंगाई पुन्हा सुरू झाली. युरोप-अमेरिकेतील ज्या दुकानांत हे बनियन आणि टी-शर्ट विकले जातात, त्यांच्या हिशेबात नोय्यलची किंमत कधीच धरली गेली नाही. रंगाई मजूर आणि नोय्यलकाठचा शेतकरी हे परस्परांचे शत्रू नव्हेत हे सांगण्याचे काम कामगार संघटना आणि किसान सभा यांनी एकत्रितपणे करावयास हवे होते. ते काही ठिकाणी झाले, परंतु उशिरा झाले.

गायरान कोणाचे?

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळावे लागेल. माळरान वाचवा असे म्हणताना भूमिहीनांचे काय? मराठवाड्यात दलित भूमिहीनांनी गायराने नांगरली, मारहाण सोसली, घरे जळताना पाहिली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली लढ्यामुळेच निघाला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसा निघाल्या, आणि त्या प्रथम कोणाच्या दारावर चिकटल्या हे महाराष्ट्रातील साथींना ठाऊक आहे. ज्याला गावच्या जमीनदाराने शेकडो वर्षे एक गुंठाही मिळू दिला नाही, त्याने गायरानातील दोन एकर कसले तर गवताची परिसंस्था मोडते, असे त्याला ऐकविण्याचा अधिकार त्या जमीनदाराच्या ग्रामपंचायतीला नाही. आपल्यालाही नाही.

पण त्याच गायरानावर धनगराची आणि भूमिहीन बाईची शेळीही जगते, आणि तेच गायरान आता सौर प्रकल्पांना आणि औद्योगिक क्षेत्रांना नाममात्र भाडेपट्ट्याने दिले जात आहे. पडीक म्हणून नोंदलेली जमीन द्यावयास सरकारला काहीच जड जात नाही. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे अमृतमहाल गुरांच्या कुरणाचे हजारो एकर असेच विविध संस्थांना वाटण्यात आले. तेव्हा भेद स्पष्ट असला पाहिजे. ज्या गायरानावर भूमिहीनांचा कसण्याचा ताबा आहे तेथे पट्टा त्यांच्याच नावे, आणि तोही पतिपत्नी दोघांच्या नावे, झाला पाहिजे. जे अद्याप गवताखाली आहे ते 'पडीक' या वर्गातून काढून चराईची जमीन म्हणून नोंदले गेले पाहिजे. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईच्या हक्काला स्थान आहे, त्याचे दावे महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत फारच थोडे दाखल झाले आहेत. भूमिहीनाला जमीन द्यावयाची तर ती सीलिंगखाली यावयास हवी होती अशा जमीनदारांच्या जमिनीतून, ही मागणी सोडून देऊन शेळी आणि नांगर यांना एकाच माळावर झुंजविणे हा सत्ताधाऱ्यांचा डाव आहे.

तंजावर भागातील साथींसाठी लगेच हाती घेता येण्यासारखे काम यातूनच निघते. त्रिभुज प्रदेशाला २०२० साली संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा मिळाला, पण त्याची सीमा त्रिभुज प्रदेशापाशीच थांबते. किडैचे कळप येतात त्या वाटांवर गावोगाव पाणी आणि मुक्कामाची जागा कोणाच्या ताब्यात गेली आहे याची यादी शेतमजूर संघटनेच्या शाखांनी करावी आणि कळपाबरोबर येणाऱ्या मजुरांची सभासदनोंदणी त्याच हंगामात करावी. कोईमतूर, तिरुप्पूर व करूर येथील शाखांबरोबर संयुक्त बैठक घेऊन भवानी, नोय्यल आणि अमरावती यांच्या पाण्याचे रोजचे मोजमाप, जसे बिळिगुंडलूचे प्रसिद्ध होते तसे, प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत तमिळ भाषेत लावले जावे, ही मागणी पुढील १२ जूनच्या आधी मांडावी.